करवतीच्या नावापुढचा हिरवा दिवा

१

विधेयक एका मताने मंजूर झालं, तेव्हा सभागृहात जो तो ओरडत होता. सत्ताधारी बाकं बडवत होते, विरोधक कागद भिरकावत होते, आणि सभापतींचा आवाज कुणाच्याच कानावर पडत नव्हता. मग कुणी कसं मत दिलं त्याची यादी मोठ्या पडद्यावर सरकू लागली. एका नावाशी येऊन सगळा गोंगाट अडखळला.

करवतीच्या नावापुढे हिरवा दिवा होता.

हिरवा म्हणजे बाजूने. विधेयक होतं ऊर्जा खात्याचं: सरकार कुठल्या कंपनीकडून, कुठल्या दराने, किती वर्षं वीज घेणार, ते यापुढे सभागृहाला सांगायची गरज नाही. आणि करवतीने गेली वीस वर्षं सभागृहात दुसरं काही विचारलंच नव्हतं. बंद पडलेल्या केंद्राला अजून मोबदला का मिळतो? इस्पितळ दोन दिवस अंधारात राहिलं, त्याला जबाबदार कोण? चौकशीचा अहवाल मांडणार का? मंत्री गोल गोल बोलू लागला की ती म्हणायची, "भाषण नको. हो की नाही, तेवढं सांगा." या सवयीमुळेच तिला करवत म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर.

तिनेही मान वर करून पडद्याकडे पाहिलं. मग उठली आणि बाहेर गेली.

"विकली गेली!" मागून कुणीतरी ओरडलं. आवाज तिच्याच पक्षाच्या बाकांवरून आला होता.

२

पक्षाध्यक्षांनी चौकशीसाठी मुद्दाम असा माणूस नेमला, ज्याला तिची दया येणार नाही. हा वकील पूर्वी सरकारची बाजू मांडायचा. एकदा समितीपुढे करवतीने त्याला विचारलं होतं, "तुम्ही वकील आहात की टपालपेटी? वरून टाकलेलंच खालून बाहेर येतंय." दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आलं. नंतर त्याने सरकारी काम सोडलं, पण टपालपेटी हे नाव त्याला सोडेना.

तो तिच्या घरी गेला तेव्हा दारावर कुणीतरी हिरवा रंग ओतला होता. ती बादली घेऊन स्वतःच दार घासत होती.

"या," ती म्हणाली. "पक्षाने फाशी द्यायला तुम्हाला पाठवलंय होय? निवड चांगली आहे."

"दोर माझा नाही. मी फक्त गाठ तपासायला आलोय."

आत लांबट खोली होती. भिंतभर जुने अहवाल रचलेले. ती खुर्चीवर बसली, तो तिच्या डावीकडच्या बाकड्यावर.

"तुम्ही बाजूने मत दिलंत का?" त्याने विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. याच बाईने आयुष्यभर दुसऱ्यांकडून उत्तरं उपटून काढली, आणि आज साधी मान वळवायची तसदी घेत नाही. त्याने आवाज चढवून पुन्हा विचारलं, तेव्हा ती दचकून वळली.

"ओरडायला काय झालं? नाही दिलं. लाल बटण दाबलं. समोर लाल दिवा लागला, तो या डोळ्यांनी पाहिला."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

"ते यंत्राला विचारा."

"तुम्हाला त्या विधेयकाचा फायदा..."

"बदल्यात काय मिळालं ते शोधा. सापडलं तर मलाही दाखवा."

"दिवा लागला तेव्हा शेजारी कोण होतं?"

"एका बाजूला जायची वाट. दुसऱ्या बाजूला माझा भाचा. त्याच्या पलीकडची जागा वारलेल्या सदस्याची, रिकामीच आहे."

"भाचा काय म्हणतो?"

इतका वेळ ती तोडीस तोड बोलत होती. आता एकदम उठली आणि तिने बादली उचलली.

"झालं का तुमचं? मला दार धुवायचंय."

वकील पायऱ्या उतरताना थांबला. ज्याच्यावर खोटा आळ येतो, तो माणूस दहा जणांकडे बोट दाखवतो. या बाईने एकाकडेही दाखवलं नव्हतं. एक तर तिने खरंच बाजूने मत दिलं होतं, नाहीतर ज्याने हे केलं तो तिला ठाऊक होता.

३

त्याने आधी तिच्या स्वीय सहायकाला गाठलं. मतदानाच्या आदल्याच दिवशी तिने त्याला कामावरून काढून टाकलं होतं. तो ऊर्जा खात्याच्या एका अधिकाऱ्याबरोबर उपाहारगृहात चहा पिताना दिसला होता. संशय घ्यायला एवढं पुरे होतं.

"नोकरी मागायला गेलो होतो," तो चिडून म्हणाला. "करायचं काय? या बाईंकडे माणूस टिकतो का? सकाळी एक शब्द चुकला तर संध्याकाळपर्यंत ऐकवतात."

"सभागृहात तुम्हाला जाता येतं?"

"दाराच्या आत पाऊल टाकता येत नाही. बटण मी दाबलं म्हणायचंय का तुम्हाला?"

"कामावरून का काढलं?"

तो घुटमळला. "सांगू नये. पण आता कसली भीड? त्यांना ऐकू येत नाही. डावा कान गेलाच आहे, उजवाही अर्धा. बाकावरचा इअरफोन लावला तरच सभागृहातलं कळतं. मी म्हटलं, मॅडम, यंत्र घ्या कानाला. तर अंगावर आल्या. म्हणे, कान गेले हे कळलं की उद्या तिकीट जाईल, आणि हे बाहेर गेलं तर तुमच्याकडूनच गेलं."

वकिलाला त्या लांबट खोलीतली स्वतःची जागा आठवली. डावीकडची. त्याला थोडं ओशाळल्यासारखं झालं. ते त्याला आवडलं नाही.

पक्षाचा प्रतोद मात्र खुशीत होता. आपल्या सदस्यांनी पक्षाच्या आदेशाप्रमाणे मत द्यावं हे पाहणं त्याचं काम. करवतीने त्यालाही कधी सोडलं नव्हतं.

"वर्तमानपत्रांना बातमी मीच दिली," त्याने स्वतःहून सांगितलं. "लपवतो कशाला? वीस वर्षं आम्हाला धुतल्या तांदळासारखं राहायला सांगत होती. आता बघा."

"तुम्ही कुठे बसता?"

"तिच्या बरोब्बर मागे."

"मतदानाच्या वेळी काही वेगळं दिसलं?"

"काय दिसणार? आत्या आणि भाचा शेजारी शेजारी, नेहमीसारखे. मी उभा राहून आपली माणसं मोजत होतो. सगळी होती. तरी एक मत फुटलं. कुणाचं, ते पडद्याने सांगितलं."

मतदान यंत्रणा सांभाळणाऱ्या अभियंत्याने सगळी बाकं पुन्हा तपासली होती. यंत्र याच अधिवेशनात बसवलेलं, त्याआधी सदस्य उभे राहायचे आणि डोकी मोजली जायची. अटीतटीचं मतदान यावर पहिल्यांदाच झालं होतं.

"दोष नाही," अभियंता म्हणाला. "सकाळी सदस्य आपलं कार्ड बाकाच्या खाचेत घालतात, संध्याकाळी काढतात. मधे बटण दाबलं की दिवा लागतो. लाल दाबून हिरवा लागला असं एकदाही झालं नाही."

"बाईंच्या बाकावर काहीच बिघाड नव्हता?"

"मतदानाचा नाही. इअरफोनची पिन तेवढी बाहेर ओढलेली होती. आत ढकलली, लागला वाजायला. कुणी तक्रारही केली नव्हती."

वकील निघाला होता, तो परत फिरला.

"बाहेर ओढलेली म्हणजे? आपोआप निघते का?"

"छे. बाकाखाली वाकून, चांगला हात घालून ओढावी लागते."

४

भाचा विधान भवनाच्या पायऱ्यांवरच भेटला. उमदा गडी. बोलणं मधाळ, हसणं त्याहून.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "आत्यासाठी जीव तुटतोय हो. माझे वडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं. राजकारणात हात धरून तिनेच आणलं. ती असं करणं शक्य नाही."

"मग कसं झालं?"

"यंत्र! नवीन यंत्र, दुसरं काय? तुम्ही अहवालात लिहून टाका, यंत्रात बिघाड. विषय संपला."

"अभियंता म्हणतो, बिघाड नाही."

"तो म्हणणारच, नोकरी आहे त्याची." भाच्याने वकिलाच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, तुमचं आणि आत्याचं जुनं वैर आहे, मला माहीत आहे. पण एवढं करा. सगळ्यांचीच सुटका होईल."

'सगळ्यांचीच' हा शब्द वकिलाच्या कानात खटकला. अडकली होती ती एकटी आत्या.

तो ग्रंथालयात गेला आणि त्या दिवसाच्या कामकाजाचा छापील वृत्तांत मागवला. करवतीचं भाषण होतं, पाल्हाळ नसलेलं, धारदार. त्यानंतर ऊर्जामंत्र्यांचं उत्तर. उत्तराच्या शेवटी, गोंधळातच, एका सदस्याने मधेच बोलून मंत्र्यांना अडवलं होतं: "भाषण नको. करार किती वर्षांचा, तेवढं सांगा." आणि त्या वाक्याआधी नाव छापलं होतं भाच्याचं.

वकिलाने आधीचे खंड काढले. भाचा निवडून आल्यापासूनचे. एकही प्रश्न नाही, एकही सूचना नाही. ऊर्जा खात्याच्या चर्चेत तर एक शब्द नाही. आणि त्या दिवशी अचानक या मुक्या माणसाला कंठ फुटला होता, तोही उसना.

"मधेच कोण बोललं हे तुम्ही कसं ठरवता?" त्याने वृत्तांत लिहिणाऱ्या विभागात विचारलं.

"सदस्याने माइकचं बटण दाबलं की आमच्या पडद्यावर त्या बाकाचं नाव येतं," उत्तर आलं. "शांतता असली तर माणूस पाहतो, आवाज ओळखतो. त्या दिवशीच्या गदारोळात कोण बघणार?"

"ध्वनिमुद्रण आहे?"

"आहे. पण त्यासाठी सभापतींची परवानगी लागेल."

परवानगी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. वकिलाने कानाला लावलं. गोंगाट, मंत्र्यांचा घोगरा आवाज, आणि मग भाच्याच्या माइकमधून, अगदी जवळून, एक वाक्य.

ते वाक्य एका बाईने उच्चारलं होतं.

५

"तुम्ही त्याच्या बाकावर बसला होतात," वकील म्हणाला. या खेपेला तो तिच्या उजवीकडे बसला होता.

करवतीच्या ते लक्षात आलं. तिने डोळे बारीक केले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कानाचं? तुम्ही हाकललेल्या माणसाने. बाकाचं कुणी नाही, ते मीच काढलं. तुमचा इअरफोन बंद पडला. तो म्हणाला, आत्या, माझ्या जागेवर बसा. तुम्ही बसलात, तो तुमच्या जागेवर. कार्डं मात्र जिथल्या तिथे राहिली. घंटा झाली तेव्हा परत का गेला नाहीत?"

"उठले होते. तो म्हणाला, राहू द्या आत्या, वेळ नाही, इथूनच दाबा. आयुष्यभर उभं राहून मत दिलं मी. बाक कुठलाही असला तरी मत माझंच, असं वाटलं. पडद्यावर यादी आली तेव्हा कळलं."

"तेव्हाच कळलं, आणि तुम्ही गप्प बसलात?"

"त्याचं चुकून झालं असेल."

"चुकून हिरवा दाबला गेला तर निकाल लागण्याआधी उभं राहून सांगता येतं. नियमच आहे. तो उभा राहिला?"

तिने भिंतीजवळचा एक अहवाल ओढून मांडीवर घेतला.

"त्याला काही विचारलंत तुम्ही? एवढे दिवस?"

"तुम्ही लिहा, मी बाजूने मत दिलं," ती एकाएकी म्हणाली. "मला काढतील. माझं वय झालंय. त्याचं सगळं पुढे आहे. त्याच्या आईचा तो एकुलता एक आधार. तुम्हालाही बरं वाटेल. टपालपेटीचा सूड."

वकील उभा राहिला. संतापाने त्याचा आवाज खाली गेला, तो तिला ऐकू जावा म्हणून त्याला वाकावं लागलं.

"बाई, मला तुम्ही जन्मात आवडणार नाही. म्हणून मी खोटं लिहीन, असं समजू नका. इस्पितळाच्या अंधाराला जबाबदार कोण, हे तुम्ही वीस वर्षं विचारत होतात. तो मंत्रीही कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी काका असेलच की. त्याला तुम्ही कधी माफी दिलीत?"

"चालते व्हा," करवत म्हणाली.

"उद्या अकरा वाजता पक्षाच्या शिस्त समितीपुढे या. नाही आलात तरी मी बोलणार आहे."

६

ती आली. समितीच्या खोलीत पक्षाध्यक्ष, प्रतोद आणि भाचा आधीच बसले होते. तिला कुणी नमस्कार केला नाही. प्रतोदाने तर खुर्चीही दाखवली नाही, ती तिने स्वतः ओढली.

"बडतर्फीचा ठराव तयार आहे," प्रतोद म्हणाला. "आटपा लवकर."

"दोनच गोष्टी पक्क्या आहेत," वकिलाने सुरुवात केली. "यंत्र बरोबर चाललं. आणि या बाईंनी लाल दिवा पाहिला."

"दोन्ही खरं कसं असेल?" पक्षाध्यक्ष म्हणाले.

"लाल दिवा दुसऱ्या बाकावरचा असेल तर. यंत्राला बाक कळतो, वर बसलेला माणूस कळत नाही. करवतीच्या बाकावरून हिरवं मत गेलं, भाच्याच्या बाकावरून लाल. दोघांनी जागा बदलल्या असतील, तर लाल आत्याचं आणि हिरवं भाच्याचं."

"काय बोलताय!" प्रतोद उसळला. "मी मागेच होतो."

"होतात ना. मग सांगा, वाटेकडच्या जागेवर कोण होतं? आत्या की भाचा?"

"मी... माणसं मोजत होतो," प्रतोद पुटपुटला.

वकिलाने ध्वनिमुद्रण लावलं. भाच्याच्या माइकमधून करवतीचा आवाज खोलीत घुमला. मग त्याने इअरफोनच्या पिनेबद्दल सांगितलं. ती हात घालून ओढावी लागते, आणि त्या बाकाखाली सहज हात पोचेल असा शेजारी एकच.

भाचा हसला, पण हसू ओठांवर टिकेना. "आवाज असेल तिचा. क्षणभर माझ्या माइकवर वाकली असेल. जागा बदलली याला पुरावा काय?"

त्यात तथ्य होतं. वकिलाजवळ पुढे काही नव्हतं. सगळ्यांचे डोळे करवतीकडे वळले.

"बाई," वकील म्हणाला, "भाषण नको. मतदानाच्या वेळी तुम्ही स्वतःच्या बाकावर होतात? हो की नाही?"

ती भाच्याकडे बघत राहिली. त्याने मान किंचित हलवली, लहानपणी काही तोडमोड केल्यावर हलवायचा तशी. आपल्यात राहू दे, आत्या.

"नाही," करवत म्हणाली. "मी त्याच्या बाकावर होते. आणि पडद्यावर यादी आली तेव्हाच मला कळलं होतं. तरी गप्प बसले. तेही लिहून घ्या."

भाच्याचा चेहरा पडला. मग त्याच्या तोंडून जे आलं, ते कुणीच अपेक्षिलं नव्हतं.

"तुला काही होणार नाही असं वाटलं होतं!" तो जवळजवळ रडवेला झाला. "त्यांना एक मत हवं होतं. माझ्या भागात वीजकेंद्र देणार होते, पुढे उपमंत्रिपद. माझ्या नावापुढे हिरवा दिसला असता तर त्याच दिवशी संपलो असतो. पण तू? तुझी वीस वर्षं! मला वाटलं, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? सगळे म्हणतील यंत्र बिघडलं. कुणी तुझं वाईट बोलेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं, आत्या."

खोलीतलं कुणीच वर बघेना. तिच्यावर विश्वास न ठेवणारे सगळे तिथेच बसले होते.

ठरावावरचं नाव खोडून भाच्याचं लिहिलं गेलं. विधेयक मात्र मंजूरच राहिलं. मत कुणाच्याही नावावर असलं तरी ते हिरवंच होतं. पक्षाध्यक्ष दिलगिरीचं काहीतरी बोलू लागले, तशी करवतीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"माझ्या दारावरचा रंग अजून पुरता निघालेला नाही," ती म्हणाली. "कोणाची पोरं होती, ते प्रतोदांना विचारा."

वकिलाने कागद आवरले. ती त्याच्यासमोरून गेली. आभार मानले नाहीत, त्यानेही वाट पाहिली नाही.

७

बाहेरच्या लांब ओसरीत बाकावर भाच्याची आई बसली होती. मुलगा गाडीने घरी सोडणार म्हणून थांबलेली. नणंदेला एकटीला बाहेर येताना पाहून ती धडपडत उठली.

"काय झालं वन्सं? निर्दोष ठरलात ना?"

करवतीने मान डोलावली.

"मला ठाऊकच होतं!" वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेजारपाजारचे काय वाट्टेल ते बोलत होते. मी एकेकीला सुनावलं. म्हटलं, आमच्या वन्सं मोडतील पण असलं करणार नाहीत. ह्यालाही म्हणत होते, आत्याच्या पाठीशी उभा राहा. राहिला ना तो?"

एवढ्या दिवसांत तिच्याशी गोड बोललेलं हे पहिलं माणूस होतं.

आतून दार उघडल्याचा आवाज आला. भाचा यायच्या आत सांगायला हवं होतं. प्रतोदाच्या तोंडून, नाहीतर उद्याच्या वर्तमानपत्रातून कळण्यापेक्षा हे बरं.

करवत बाकावर बसली. तिने वहिनींना हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.

"वहिनी," ती म्हणाली, "हात सोडू नका. मी काय सांगते ते आधी पुरतं ऐकून घ्या."